युद्ध सुरू ठेवण्याचाही ठराव मांडा : ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या खासदारांना खुले पत्र

मजूर पक्षाच्या सन्माननीय खासदारांनो,

सप्रेम नमस्कार.

१८ मार्च २००३ ची रात्र आपल्या पक्षातला एक मोठा वर्ग आजही अभिमानाने सांगतो. सरकार आपले, पंतप्रधान आपला, व्हिप कडक, आणि तरीही आपल्या १३९ खासदारांनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या विरोधात मत दिले. इराकवर चढाई करण्याइतके कारण अजून सिद्ध झालेले नाही, असे म्हणणारी दुरुस्ती सरकारच्या युद्धाच्या ठरावाला सुचवली गेली होती, तिच्या बाजूने हे मत होते. ती ३९६ विरुद्ध २१७ मतांनी पडली. मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला, आणि त्या ४१२ मतांत समोरच्या बाकांवरच्या हुजूर पक्षाचा मोठा वाटा होता. सत्तेतल्या पक्षात एवढी मोठी फूट दीडशे वर्षांत पडली नव्हती, असे संसदेचे अभ्यासक सांगतात.

त्या १३९ जणांबद्दल मला आदर आहे. पण हे पत्र त्या रात्रीबद्दल नाही. त्यानंतरच्या सहा वर्षांबद्दल आहे. १८ मार्चला ज्यांना हे युद्ध चुकीचे वाटत होते, त्यांना ते १८ एप्रिललाही चुकीचेच वाटत असणार. २००४ साली, २००५ साली, बसऱ्यातल्या रस्त्यांवर बॉम्ब फुटू लागल्यावर तर अधिकच. मग तो विरोध गेला कुठे? इराकमध्ये १७९ ब्रिटिश सैनिकांचा आणि कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. त्यातले बहुसंख्य मृत्यू चढाईच्या पहिल्या आठवड्यांतले नाहीत, नंतरच्या वर्षांतले आहेत. म्हणजे ते युद्ध सुरू करण्यापेक्षा सुरू ठेवण्याने झालेले मृत्यू आहेत. इराकी माणसांचा हिशेब तर कुणी नीट ठेवलाच नाही. या युद्धाची पुढे चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीने म्हटले आहे की जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी मेले, बहुधा त्याहून पुष्कळ जास्त, आणि त्यातले बहुतेक साधे नागरिक होते. दहा लाखांहून अधिक लोक घरादाराला मुकले.

आपल्या मागच्या पिढीत रॉबिन कुक यांच्यासारखा माणूस होता, म्हणून मला हा प्रश्न जास्त टोचतो. १७ मार्च २००३ रोजी त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा देऊन हाऊस ऑफ कॉमन्समध्ये जे भाषण केले, ते मी आजही अधूनमधून काढून वाचते. चार वर्षे परराष्ट्रमंत्री राहिलेला माणूस उभा राहून सांगत होता की, ज्या अर्थाने आपण सामूहिक संहाराची अस्त्रे म्हणतो, त्या अर्थाची अस्त्रे इराककडे बहुधा नाहीतच. भाषण संपल्यावर सभागृहात टाळ्या वाजल्या, काही खासदार उठून उभे राहिले. त्या सभागृहाची रीत माहीत असलेल्यांना टाळ्यांचे वजन कळते.

पण पुढचे दोन आठवडे कुणी फारसे सांगत नाही. ३० मार्चला, रविवारी, एका वर्तमानपत्रात कुक यांचा लेख आला. या रक्तरंजित आणि अनावश्यक युद्धाचा मला वीट आला आहे, आपली मुले घरी आणा, असा त्याचा रोख होता. सैन्य लढत असताना माघारीची भाषा करतो म्हणून टीकेची झोड उठली. त्याच दिवशी कुक यांना खुलासा करावा लागला की सैन्य अर्ध्यावर मागे घ्या असे माझे म्हणणे नाही, आता युद्ध सुरू झालेच आहे तर ते लवकर आणि यशस्वीपणे संपावे. माणूस तोच, मत तेच, अक्कल आणि धैर्यही तेच. फरक एवढाच होता की मधल्या काळात तोफा सुरू झाल्या होत्या. राजीनामा देण्याचे धैर्य ज्याच्यात होते, त्यालाही 'थांबा' हा शब्द एक दिवस टिकवता आला नाही. मी कुक यांना दोष देत नाही. २००५ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तोवर ते या युद्धाविरुद्ध लिहीत-बोलत राहिले. पण युद्ध सुरू व्हायच्या आधी विरोध करणे आणि सुरू झाल्यावर विरोध करणे, यांत आपल्या राजकारणाने केवढी भिंत बांधून ठेवली आहे, हे त्या एका रविवारी दिसले.

त्या भिंतीआड आपला पक्ष सहा वर्षे बसला. क्लेअर शॉर्ट यांनी या धोरणाला बेजबाबदार म्हटले, तरी त्या मंत्रिमंडळात थांबल्या आणि १२ मे रोजी, बगदाद पडून महिना उलटल्यावर बाहेर पडल्या. २००४ च्या ब्रायटन परिषदेत सैन्य लवकर परत आणा, असा ठराव आला आणि मोठ्या कामगार संघटनांच्या मतांनी तो पडला. त्या वादात एका गोष्टीची मात्र प्रामाणिकपणे नोंद केली पाहिजे. इराकमधल्या कामगार संघटनेच्या प्रतिनिधीने तिथे येऊन सांगितले की सैन्य घाईने काढले तर आमच्यासारख्यांचे हाल होतील. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. ॲन क्लुइड यांच्यासारख्या खासदारही होत्या. सद्दामने कुर्द लोकांवर केलेले अत्याचार त्यांनी वर्षानुवर्षे मांडले होते आणि त्याच कारणाने त्या युद्धाच्या बाजूने उभ्या राहिल्या. युद्धाचा पाठिंबा म्हणजे लबाडीच, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे की हे सगळे युक्तिवाद जिथे व्हायला हवे होते, मोजले जायला हवे होते, ते सभागृह त्या काळात बाजूला पडले होते.

आणि २००५ च्या परिषदेत काय झाले, ते आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. वॉल्टर वोल्फगँग, वय ८२, नाझी जर्मनीतून लहानपणी जीव वाचवून इंग्लंडमध्ये आलेले, १९४८ पासून पक्षाचे सदस्य. परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ इराकबद्दल बोलत असताना ते 'नॉन्सेन्स' एवढेच ओरडले. स्वयंसेवकांनी त्यांना उचलून सभागृहाबाहेर नेले. ते परत आत यायला निघाले तर पोलिसांनी त्यांना अडवले, आणि त्यासाठी वापरला कोणता कायदा, तर दहशतवादविरोधी. पक्षाने नंतर माफी मागितली. पुढच्या वर्षी सामान्य सदस्यांनी वोल्फगँग यांना पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून पाठवले. सदस्यांचे मन कुठे होते आणि व्यासपीठाचे कुठे, हे त्या निवडणुकीने सांगितले. पण कार्यकारिणीतली एक जागा म्हणजे बसऱ्यातून परतणारे एक विमान नव्हे.

२००६ साली वाद पुन्हा उफाळला. त्या उन्हाळ्यात लेबनॉनमध्ये तातडीच्या शस्त्रसंधीची मागणी करायला ब्लेअर तयार नव्हते आणि पक्षात संताप होता. सप्टेंबरमध्ये २००१ साली निवडून आलेल्या खासदारांच्या एका गटाने पंतप्रधानांना पत्र लिहिले, संरक्षण खात्यातले कनिष्ठ मंत्री टॉम वॉटसन यांनी राजीनामा दिला, आणि दुसऱ्याच दिवशी ब्लेअर यांना वर्षभरात पद सोडण्याचे जाहीर करावे लागले. बंड यशस्वी झाले म्हणायचे. पण त्या बंडाचा विषय काय होता? नेता कधी जाणार, हा. सैन्य कधी परतणार, हा नव्हे. युद्धाबद्दलचा राग नेतृत्वबदलाच्या खात्यात जमा झाला आणि युद्ध होते तिथेच राहिले. पुढच्याच महिन्यात लष्करप्रमुख जनरल रिचर्ड डॅनट यांनी जाहीरपणे म्हटले की आपण तिथून लवकरच बाहेर पडावे, आपल्या उपस्थितीने तिथली सुरक्षेची स्थिती आणखी बिघडते आहे. वर्दीतला माणूस हे बोलू शकतो आणि सत्ताधारी बाकांवरचे खासदार बोलू शकत नाहीत, हे दृश्य कोणत्याही लोकशाहीला शोभणारे नाही. ३१ ऑक्टोबरला स्कॉटिश आणि वेल्श राष्ट्रवादी पक्षांनी इराकच्या चौकशीची मागणी मतदानाला आणली. सरकारने ती २९८ विरुद्ध २७३ अशी, पंचवीस मतांनी परतवली. आपल्या पक्षाच्या बारा जणांनी सरकारविरुद्ध मत दिले. १३९ चे बारा झाले होते. त्यातले आणखी तेरा जण सरकारविरुद्ध मत द्यायला पलीकडच्या दालनात गेले असते, तर चौकशी तीन वर्षे आधी सुरू झाली असती.

सैन्य ठेवायचे की परत आणायचे, हा साधा प्रश्न त्या सहा वर्षांत सरकारने एकदाही मतदानाला टाकला नाही. अफगाणिस्तानात तर त्याहून वाईट. तिथे ४५७ ब्रिटिश सैनिक मरण पावले. हेल्मंडमध्ये फौज उतरली, वाढली, गावे हातात आली आणि गेली, आणि त्या तैनातीवर कॉमन्समध्ये पहिले खरे मतदान झाले ९ सप्टेंबर २०१० रोजी, म्हणजे युद्धाला नऊ वर्षे होत आल्यावर. तेही सरकारने आणलेले नव्हते, मागच्या बाकांवरच्या खासदारांना नव्याने मिळालेल्या वेळेत झाले. तोवर आपण सत्तेबाहेर गेला होता. सत्तेत असताना, २००९ साली, संरक्षणमंत्र्यांचे संसदीय सहायक एरिक जॉइस यांनी अफगाण धोरणावरून पद सोडले. ते स्वतः लष्करात मेजर होते. एकटे गेले.

आता मी कोण आणि मला या सगळ्याशी काय देणेघेणे, तेही सांगते. मी मूळची साताऱ्याची, लंडनच्या हॅरो भागात राहते. माझे पारपत्र भारताचे आहे, तरी राष्ट्रकुलाची नागरिक म्हणून मला इथे संसदेच्या निवडणुकीत मत देता येते, आणि ते मी आपल्या पक्षाला देत आले आहे. आमच्या सातारा, पुणे, रत्नागिरी या जिल्ह्यांत कितीतरी गावांमध्ये जुने फलक आहेत. या गावातून इतके लोक १९१४ च्या महायुद्धाला गेले, त्यातले इतके कामी आले, एवढाच मजकूर. त्यातले पुष्कळ लोक फ्रान्सला नव्हे, इराकला गेले होते. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'बसरा' हे नाव होते, तेव्हा इंग्लंडमधल्या पुष्कळांना ते नकाशावर दाखवता आले नसते.

१९१४ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कांकडून बसरा ज्या फौजेने घेतले, तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते. इराणमधल्या अबादानचे तेल सुरक्षित ठेवायचे, एवढे तिचे काम. ते काम झाले. पण फौज तिथे थांबली नाही. एकेक गाव पुढे सरकत १९१५ च्या शरदात तिला थेट बगदादवर पाठवायचे ठरले. माणसे कमी, बोटी कमी, औषधपाण्याची व्यवस्था जवळपास नाहीच. पण गॅलिपोलीत नाचक्की होत होती आणि कुठेतरी विजय हवा होता. बगदादच्या अलीकडे टेसिफोनला ती अडली, मागे हटली आणि कूतला वेढ्यात सापडली. त्या वेढ्यात आमच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत वेढा चालला. घोडे कापून खायची वेळ आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्मामुळे ते मांस नाकारले आणि ते उपासमारीने खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. वाळवंटातून चालवत नेलेल्या त्या कैद्यांपैकी हजारो परतले नाहीत. बसरा घेणे हा एक निर्णय होता. बसऱ्यावरून पुढे जात राहणे हा दुसरा. माणसे मारली ती दुसऱ्या निर्णयाने, आणि त्याला कुणी वेगळी मंजुरी दिली नव्हती.

पण त्या वेळच्या संसदेने पुढे जे केले, ते आपण केले नाहीत. महायुद्ध ऐन भरात असताना, १९१६ च्या ऑगस्टमध्ये, कायदा करून मेसोपोटेमिया कमिशन नेमले. पुढच्या वर्षी जूनमध्ये अहवाल छापून आला, त्यात व्हाइसरॉयपासून सेनापतीपर्यंत सगळ्यांवर ठपका होता, आणि जुलैत भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. कमिशनमध्ये जोसाया वेजवुड होते. त्यांनी आपले वेगळे मत स्वतंत्र अहवालात नोंदवले, आणि दोनच वर्षांनी ते लिबरल पक्ष सोडून आपल्या पक्षात आले. आपल्या घराण्यातलाच माणूस म्हणायचा. युद्ध चालू असताना त्या युद्धाची झडती घेतली तर देश कोसळत नाही, हे आपल्याच संसदेने १९१७ साली दाखवले होते, तेही जर्मनीशी जीवनमरणाची झुंज चालू असताना. २००३ च्या इराकसाठी मात्र चिलकॉट चौकशी जाहीर व्हायला २००९ चा जून उजाडला आणि अहवाल यायला ६ जुलै २०१६. बारा खंड, २६ लाख शब्द. ज्या वेळी तो वाचून एकाही सैनिकाचा किंवा इराकी बाईचा जीव वाचणार नव्हता, त्या वेळी तो आला.

आपल्या पक्षाशी आम्हा मराठी माणसांचे नाते आजचे नाही, हेही इथे सांगावेसे वाटते. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये लंडनमध्ये होते तेव्हा त्यांनी मजूर पक्षाशी संधान बांधले, त्याच्या निवडणूक निधीला हातभार लावला. साम्राज्याच्या राजधानीत आपले ऐकून घेणारा कुणी असेल तर तो हाच पक्ष, असे त्यांना वाटले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्धाला विरोध म्हणून रॅम्से मॅकडोनल्ड यांनी ज्या पक्षाचे संसदीय अध्यक्षपद सोडले, तो हा पक्ष. कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रखर्च वाढवण्यासाठी दात आणि चष्म्यांवर शुल्क लावले, म्हणून १९५१ साली अन्यूरिन बेव्हन आणि हॅरॉल्ड विल्सन ज्या सरकारातून बाहेर पडले, ते या पक्षाचे सरकार. तेच विल्सन पुढे पंतप्रधान झाल्यावर अमेरिकेच्या आग्रहाला न जुमानता व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवायला राजी झाले नाहीत. पक्षात डाव्या बाकांवरून सतत दाब होता, त्याचा यात वाटा होताच. म्हणजे पक्षातला विरोध हा सरकारला झालेला आजार नाही. तो जागा राहिला तेव्हा त्याने या देशाला एका मोठ्या युद्धापासून वाचवले आहे.

आता माझी मागणी. युद्ध सुरू करण्याआधी संसदेचे मत घ्यावे, हे आता बहुतेकांना पटले आहे. पण तो संकेत आहे, कायदा नाही. २०११ च्या कॅबिनेट मॅन्युअलमध्ये, म्हणजे सरकारी कामकाजाच्या मार्गदर्शिकेत, त्याची नोंद झाली, २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीरियाबाबत डेव्हिड कॅमेरून यांचे सरकार २८५ विरुद्ध २७२ असे हरले आणि त्यांनी तो निकाल मानला. मग २०१८ च्या एप्रिलमध्ये थेरेसा मे यांनी मत न घेताच सीरियावर हल्ले केले. राजाच्या विशेषाधिकारातून चालणारी गोष्ट पंतप्रधानाच्या मर्जीवर राहते. आपल्याच पक्षाचे खासदार टॅम डॅलिएल यांनी १९९९ साली हा अधिकार संसदेकडे आणण्याचे विधेयक मांडले. सरकारच्या सल्ल्यावरून राणीची संमती नाकारली गेली आणि त्याच्यावर चर्चाही होऊ शकली नाही. क्लेअर शॉर्ट यांनी २००५ साली तसेच विधेयक आणले, तेही पुढच्या टप्प्यावर गेले नाही. त्या वेळी सरकार आपलेच होते.

२००३ च्या मार्चमध्ये, बॅरिस्टर असताना, केअर स्टार्मर यांनी लेख लिहून सांगितले होते की या युद्धाला कायद्याचा आधार नाही. २०२० साली पक्षनेतृत्वाची निवडणूक लढवताना त्यांनी दहा वचने दिली. बेकायदा युद्धे पुन्हा होणार नाहीत आणि लष्करी हस्तक्षेप रोखणारा कायदा आणू, हे त्यातले एक होते. २०२४ मध्ये आपण ४११ जागा घेऊन सत्तेत आलात. त्या कायद्याची मी वाट पाहते आहे.

पण तो कायदा केवळ पहिल्या रात्रीपुरता असेल तर मला तो अर्धा वाटेल. दर सहा महिन्यांनी सरकारने सभागृहासमोर यावे, युद्ध सुरू ठेवण्याचा स्पष्ट ठराव मांडावा आणि त्यावर मतदान व्हावे. ठराव मंजूर झाला नाही तर सैन्य सुरक्षितपणे परत आणण्याची मुदत त्या कायद्यातच असावी. महाधिवक्त्यांचा कायदेशीर सल्ला पूर्ण स्वरूपात खासदारांसमोर ठेवावा. ७ मार्च २००३ चा लॉर्ड गोल्डस्मिथ यांचा शंकाकुशंकांसह दिलेला सविस्तर सल्ला मंत्रिमंडळालाही दाखवला गेला नव्हता; त्याच्या जागी दहा दिवसांनी एक छोटे, ठाम उत्तर आले. आणि या एका प्रकारच्या ठरावावर व्हिप काढू नये. २०१५ च्या डिसेंबरमध्ये सीरियाच्या मतदानात, विरोधी बाकांवर असताना का होईना, आपल्या पक्षाने खासदारांना मोकळे सोडले होते. ६६ जण सरकारच्या बाजूने गेले, बाकीचे बहुतेक विरोधात. पक्ष फुटला नाही.

हे अशक्य नाही, कारण शेजारी हे करतात. जर्मनीत परदेशी लष्करी मोहिमेची परवानगी मुदतीची असते आणि ती वाढवायला संसदेचे मत लागते; २००५ पासून तसा कायदाच आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या प्रश्नावर चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर यांना विश्वासदर्शक ठराव जोडावा लागला. सत्तेतल्या ग्रीन पक्षाच्या आठ खासदारांचा युद्धाला विरोध होता. सरकार पडू नये म्हणून चौघांनी बाजूने मत दिले आणि विरोध नोंदला जावा म्हणून चौघांनी विरुद्ध. श्रोडर यांना ३३६ मते पडली, लागत होती ३३४. ही तडजोड कुणाला दुबळी वाटेल. मला त्यात प्रामाणिक माणसांची ओढाताण दिसते, आणि ती उघड्यावर झाली. नेदरलँड्समध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतातली मोहीम वाढवायला तिथल्या मजूर पक्षाने नकार दिला आणि सरकारच पडले. ऑगस्टमध्ये डच फौजांनी ती मोहीम संपवली. हा वाद युद्ध सुरू ठेवण्यावरचाच होता.

दर सहा महिन्यांनी मत घेतले तर शत्रूला आपल्या मनातली चलबिचल कळेल, असे काही जण म्हणतील. शत्रूला ती कळतच असते. बसऱ्यातल्या सशस्त्र गटांना ब्रिटिश फौजेची खरी ताकद कॉमन्समधल्या चर्चेवरून मोजावी लागत नव्हती. त्यांना ती रस्त्यावर दिसत होती, हलक्या कवचाच्या स्नॅच गाड्यांमध्ये दिसत होती. त्या गाड्यांना पर्याय द्यायला झालेल्या विलंबावर चिलकॉट अहवालाने ताशेरे ओढले आहेत. दर सहा महिन्यांनी संरक्षणमंत्र्याला उभे राहून मते मागावी लागली असती, तर त्या गाड्यांचा प्रश्न किती महिने आधी विचारला गेला असता? सैनिकांचे मनोधैर्य खचेल, असेही म्हटले जाईल. मुलगे गमावलेल्या आया डाऊनिंग स्ट्रीटच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना कुणी हे विचारले होते का?

आणखी एक गोष्ट, जी कदाचित एखाद्या भारतीयालाच जास्त जाणवेल. आमच्या देशात १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षाचा व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. आमच्या खासदाराला मनातून पटले नाही तरी हात बांधलेले असतात. तरीही ८ एप्रिल २००३ रोजी आमच्या लोकसभेने, मनोहर जोशी अध्यक्षस्थानी असताना, इराकवरच्या त्या युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला. अमेरिकेने भारताकडे फौज मागितली होती. वाजपेयी सरकारात ती पाठवावी की नाही यावर दुमत होते, पण १४ जुलैला नकार कळवला गेला. मराठा पलटणी या युद्धात बसऱ्याला गेल्या नाहीत. आपले तसे नाही. त्या १३९ जणांपैकी व्हिप मोडला म्हणून कुणाचीही खासदारकी गेली नाही, तसा कायदाच आपल्याकडे नाही. जुलै २०२४ मध्ये सरकारी भत्ता पहिल्या दोन मुलांपुरताच देण्याच्या मर्यादेच्या प्रश्नावर सात जणांना पक्षाच्या संसदीय गटातून निलंबित केले गेले, हे मी विसरलेले नाही. मंत्रिपद हुकते, पुढची उमेदवारी अवघड होते, सहकारी बोलायचे टाळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातल्या युद्धबंदीच्या मतदानात आपल्यातल्या ५६ जणांनी हे पत्करले, काहींनी पुढच्या बाकावरची जागा सोडली. ते विरोधी पक्षात असताना होते. सत्तेत असताना ते अधिक कठीण आहे आणि अधिक उपयोगाचेही, कारण विरोधकाच्या मताने सरकार क्वचितच थांबते, आपल्या मताने थांबते.

या पत्राची इंग्रजी प्रत मी माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना पाठवली आहे. मराठीत ते इथे देण्याचे कारण असे की स्लाऊ, रेडिंग, हॅरो, मिल्टन कीन्स अशा गावांत राहणाऱ्या आपल्या अनेकांना आपण इथे मत देऊ शकतो, हेच ठाऊक नाही. भारतीय पारपत्र असले तरी इथे कायदेशीर वास्तव्य असेल तर मतदार यादीत नाव घालता येते. नाव घाला, आणि प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला शाळा-दवाखान्याबरोबर हेही विचारा की युद्ध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी तुम्ही काय कराल.

खासदारांनो, सरकार हा कायदा आणणार नसेल तर एक वाट आपल्या स्वतःच्या हातात आहे. अधिवेशनाच्या सुरुवातीला खासगी विधेयकांसाठी चिठ्ठ्या निघतात आणि वीस जणांना संधी मिळते. त्यात आपल्यापैकी कुणाचे नाव आले तर हे विधेयक मांडावे. अशा विधेयकांवर शुक्रवारी चर्चा होते आणि भाषणे लांबवून ती बुडवली जातात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. चर्चा थांबवून मत घ्यायचे तर त्या बाजूने किमान शंभर सदस्य उभे राहावे लागतात. शुक्रवारी सगळ्यांना मतदारसंघात परतायची घाई असते. त्या एका शुक्रवारी आपल्यापैकी शंभर जणांनी दुपारपर्यंत वेस्टमिन्स्टरमध्ये थांबावे, एवढी माझी विनंती आहे.

आपली,
हॅरोमधील एक मराठी मतदार